गतकुळ ते कुलमुखत्यार : रिकाम्या घराच्या विक्रीचा इतिहास

घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालेल्या माणसाला वाटेत शिनोली लागते. पुढे डिंभे धरण, त्यापलीकडे सह्याद्रीचा चढ. त्यामुळे बहुतेक प्रवाशांच्या लेखी हे गाव म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसलेली चार दुकाने आणि एक थांबा. गावठाणात शिरणाऱ्याला मात्र कुलुपे दिसू लागतात. कुलपांवर गंज चढलेला असतो, उंबऱ्याशी गवत माजलेले असते आणि भिंतीवर ग्रामपंचायतीने रंगवलेला घराचा क्रमांक तेवढा स्पष्ट असतो. अशा घरांतले एक आमचे होते. आजोबा तरुणपणी मुंबईच्या गिरणीत गेले आणि त्यांच्यानंतर कोणी तिथे कायमचे राहिले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही वारसांनी ते विकायचे ठरवले. वारस मुंबई, वाशी, नाशिक आणि टोरांटो अशा चार ठिकाणी विखुरलेले. सर्वांनी एका दिवशी एका कचेरीत उभे राहणे शक्य नव्हते. मी पुण्यात शिकवतो, म्हणजे त्यातल्या त्यात जवळ, म्हणून मुखत्यार म्हणून माझे नाव निघाले.

व्यवहार साधाच होता आणि अनेकांच्या वाट्याला तो आलेला आहे. परंतु त्या निमित्ताने जे कागद हाताळावे लागले त्यांतील शब्दांनी मला थांबवले. गाव सोडून गेलेल्या माणसाने मागे राहिलेले घर दूर बसून विकणे, या आज सहज वाटणाऱ्या गोष्टीमागे तीनएकशे वर्षांचा एक इतिहास आहे. गैरहजर माणसाकडे समाज आणि कायदा कसा पाहतो, याचा तो इतिहास. प्रस्तुत लेखात त्याचीच मांडणी करण्याचा प्रयत्न आहे.

१

जुन्या मराठी गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने ही व्यवस्था मराठी वाचकाच्या चांगलीच परिचयाची करून दिली आहे. या गावात राहणारा माणूस एकतर मिरासदार असे किंवा उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो त्याला गहाण ठेवता येई, विकताही येई. उपरी हा बाहेरून आलेला आणि गावाच्या संमतीने राहणारा. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या भेदाची दखल घेतलेली आहे.

मिराशीची विक्री ही दोन व्यक्तींमधली खाजगी बाब नव्हती. भाऊबंदांची संमती हवी, शेजाऱ्यांना ठाऊक हवे, पाटील-कुलकर्णी हजर हवेत, बलुतेदारांची गोही हवी. गोही म्हणजे साक्ष. लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या त्या कागदांवर असत. पाटलाचा नांगर आणि शेट्याची तागडी या निशाण्या जुन्या कागदांच्या अभ्यासकांना परिचित आहेत. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथ (१९५३) आणि हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाचे दख्खनच्या ग्रामव्यवस्थेवरील लेखन वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते. खरेदीखताचे बळ कागदात होते, त्याहून अधिक ते ज्या माणसांसमोर तो कागद झाला त्यांच्या स्मरणात होते. तंटा उभा राहिला की गोत जमे, जुन्या माणसांना बोलावले जाई आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई.

आता या व्यवस्थेत गाव सोडून गेलेल्याचे काय होत असे? लोक गाव सोडत, कारण तसे प्रसंगच वारंवार येत. १६३०चा दुष्काळ, १८०३-०४चा दुष्काळ, फौजांची धामधूम, न झेपणारा सारा. असा निघून गेलेला माणूस 'परागंदा' झाला, असे म्हणत. हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ 'विखुरलेला' असा आहे. मराठीत त्याला पळून गेल्याची छटा आली. मुळात त्यात दोष नाही, नुसती पांगापांग आहे. परागंदा झालेल्याच्या मिराशीला 'गतकुळ' म्हणत. कुळ गेले आहे, एवढीच ती नोंद. पाटील ती जमीन दुसऱ्याला कसायला देई, कारण सारा तर भरायचाच असे. पण पिढी-दोन पिढ्यांनी मूळ मिरासदाराचा वंशज परत आला आणि गोताने त्याला ओळखले, तर त्याचा दावा ऐकला जाई. निदान तत्त्वतः तरी त्याची जागा त्याचीच असे.

थोडक्यात, गावाने गैरहजर माणसाला जागा राखून ठेवली होती; मात्र गैरहजर राहून ती विकण्याची सोय जवळपास नव्हती. विकायचे तर येऊन उभे राहायला हवे, कारण ओळखणारे डोळे गावातच होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ज्यांची नावे तिच्या स्मरणात होती ते बहुतांशी मिरासदार पुरुष होते. उपऱ्याला त्या स्मरणात स्थान दुय्यम, लेक सासरी गेली की तिचे नाव पुसट, आणि महारवाडा तर पांढरीच्या बाहेरच. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर जे प्रहार केले, ते या स्मरणाच्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवणारे होते. गावाला तुम्ही आठवत असणे ही काहींच्या बाबतीत सुरक्षितता होती आणि काहींच्या बाबतीत शिक्षा.

२

एकोणिसाव्या शतकात हे चित्र बदलले. पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात, १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीला प्रारंभ झाला आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. शेताला नंबर मिळाला, क्षेत्र मिळाले, आकार मिळाला. पण ही मोजणी साऱ्यासाठी होती. गावठाणातून शेतसारा येत नाही, म्हणून पांढरीला तसे नंबर पडले नाहीत. काळीला कागद मिळाला आणि पांढरी स्मरणावरच राहिली. आजही गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, याचे मूळ या जुन्या हिशेबात आहे.

याच शतकात विक्रीचे नियमही लिहिले गेले. दस्तनोंदणीचा देशव्यापी कायदा १८६४ साली आला. सध्याचा १९०८चा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२चा, मुंबई इलाख्यात तो १८९३पासून लागू झाला. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येईल, असे त्यात ठरले. आणि त्याच १८८२ साली मुखत्यारपत्राचा स्वतंत्र कायदा झाला. गावाच्या गोहीची जागा दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याने घेतली. पाटील, भाऊबंद, बलुतेदार यांच्याऐवजी दोन साक्षीदार आणि ओळख पटवणारे दोघे पुरू लागले.

इथे शब्दांकडे पुन्हा पाहायला हवे. 'मुखत्यार' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ 'निवडलेला'. 'कुलमुखत्यार' यातले 'कुल' हेही अरबीच, अर्थ 'सर्व'. ज्याला सर्व अधिकार दिले तो कुलमुखत्यार. 'गतकुळ' या शब्दातले कुळ संस्कृत, घराण्याचे. 'कुलमुखत्यार' यातल्या कुलाशी त्याचे काही नाते नाही. कानाला दोन्ही सारखे वाटतात म्हणून आमच्या घरात कित्येकांचा समज होता की कुलमुखत्यार म्हणजे कुळाने नेमलेला. अर्थाने चूक असली, तरी ही गल्लत मला बोलकी वाटते. एका शब्दात माणूस गेला आहे आणि हक्क उरला आहे. दुसऱ्यात हक्क दुसऱ्याच्या हाती सोपवून माणसाने न येण्याची सोय केली आहे. या दोन शब्दांमध्ये गावापासून कचेरीपर्यंतचे अंतर सामावलेले आहे.

३

कायद्याने सोय झाली, तरी लोकांनी घरे लगेच विकली नाहीत. या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातून शंभरावर वर्षे माणसे मुंबईला जात आहेत. गिरण्यांत गेली, गोदीत गेली, माथाडी झाली. मुंबईचे डबेवालेही प्रामुख्याने याच पट्ट्यातले. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली प्राण देणारे बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे आणि मुंबईत गिरणी कामगार होते. डिंभे जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. इतकी माणसे गेली आणि तरी मागची घरे त्यांच्याच नावावर राहिली. हे नुसते भावनेपोटी घडले काय?

राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाच्या इतिहासात (१९९४) याचे उत्तर दिले आहे. गिरणी कामगार गावाशी नाते ठेवतो ते तो अर्धा शेतकरी राहिला म्हणून, हा जुना समज त्यांनी खोडून काढला. शहरातली नोकरी बेभरवशाची होती, आजारपणाला आणि म्हातारपणाला आधार नव्हता, संपाच्या काळात खायला कुठून आणायचे हा प्रश्न होता. गावचे घर हा या सर्वांवरचा विमा होता. त्याचा हप्ता म्हणजे वर्षाची घरपट्टी आणि पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याची मजुरी.

हा विमा वेळोवेळी उपयोगी पडलाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गावाकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि महिने लांबत गेले तशी अनेक कुटुंबे गावच्या घरांत परतली. आमच्या घराचे कुलूप त्या वर्षी निघाले होते. चुलत्यांनी दीड वर्ष तिथे काढले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हेच तिसऱ्यांदा घडले. एरवी जत्रेपुरती उघडणारी घरे त्या उन्हाळ्यात नांदती झाली.

मराठी साहित्यात गाव सोडण्याचे चित्रण पुष्कळ आहे. 'बनगरवाडी' (१९५५) दुष्काळाने गाव ओस पडण्यापाशी थांबते. 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात शहरात गेलेला मुलगा आणि खचत चाललेला वाडा समोरासमोर येतात. मात्र शहरातल्या खोलीत बसून, न बघता, एका सहीने घर विकणाऱ्या माणसाची कथा मराठीत त्या मानाने विरळ आहे. खरे पाहता स्थलांतराचा शेवट तिथेच होतो. माणूस गाडीत बसतो तेव्हा परतीची शक्यता शिल्लक असते. रिकामे घर विकले जाते तेव्हा ती संपते. कुलूप हा शब्द आपण अरबी 'कुफ्ल'वरून घेतला. कुलूप लावलेले घर बंद असते, पण ते उघडण्यासाठीच बंद केलेले असते. २०११च्या जनगणनेत देशभर सुमारे अडीच कोटी घरे रिकामी नोंदली गेली. त्यांतल्या कित्येक दारांमागे अशी राखून ठेवलेली शक्यता असेल.

४

गैरहजेरीचा अर्थ नेहमीच इतका सौम्य राहिलेला नाही. फाळणीनंतर १९५०च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने सीमेपलीकडे गेलेल्यांची घरे सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात आली. तिथे गैरहजर असणे हेच हक्क गमावण्याचे कारण ठरले. उलट दिशेचे उदाहरण काश्मीरचे. खोरे सोडून गेलेल्यांना आपली रिकामी घरे दुरून, पडत्या भावात विकावी लागत होती. तेव्हा अशा नाइलाजाच्या विक्रीला आळा घालण्यासाठी जम्मू-काश्मीर विधिमंडळाने १९९७ साली खास कायदा केला. विकणारा दूर आहे आणि परतू शकत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असले की भाव पडतो, हे कायद्याने त्यात मान्य केले.

आणि शिनोलीपासून हाकेच्या अंतरावरचे उदाहरण डिंभ्याचे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ गाव घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथल्या लोकांच्या घरांना मोबदला ठरला, पण विकावे की न विकावे हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. आमच्यासारख्यांना निदान ती निवड करता आली, हे विसरून चालणार नाही.

५

आता आमच्या व्यवहाराकडे. घराचा कागद म्हणून आमच्याकडे होता तो ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा. ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद. तो मालकीचा पुरावा नव्हे, असे कायदा सांगतो. उताऱ्यावर आजोबांचेच नाव होते. गावठाणातल्या घरांना नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळावी म्हणून ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. इंदापूरच्या मोजणीनंतर सुमारे १८५ वर्षांनी पांढरीची पाळी आली, असे म्हणता येईल. आम्हांला मात्र आधी वारसनोंद करावी लागली.

मुखत्यारपत्रे तीन आली. नोंदणी कायद्याच्या ३३व्या कलमानुसार देशात राहणाऱ्याने आपल्या राहत्या ठिकाणच्या निबंधकासमोर ते करायचे असते, परदेशातल्याने तिथल्या नोटरीसमोर वा भारतीय वकिलातीत. टोरांटोहून आलेल्या पत्राला इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११च्या सूरज लँप खटल्यात नुसत्या मुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीला विक्री मानण्यास नकार दिला. मुखत्यार नेमून रीतसर खरेदीखत करण्याला मात्र हरकत घेतली नाही. म्हणून पत्र हाती असले तरी दस्त व्हायलाच हवा होता.

खरा प्रश्न आत्याचा होता. भाऊबंदांपैकी एकाने सुचवले की तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्यावे, म्हणजे नावे कमी होतील. रूढी तीच आहे. आत्या नाशिकला असे, वय ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, "हक्क सोडायचा नाही मला. विकायचं तर विका, पण विकणाऱ्यांत माझं नाव लिहा." मला हे वाक्य पुढे फार दिवस पुरले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला होता, पण त्याच कायद्याच्या २३व्या कलमाने राहत्या घराला अपवाद केला होता : पुरुष वारस आपले वाटे पाडून घेईपर्यंत तिला घराची वाटणी मागता येत नसे. हे कलम २००५ साली गळले. म्हणजे ज्या घरात ती जन्मली त्याच्या वाटणीसाठी बोलण्याचा हक्क तिला मिळाला तेव्हा ते घर रिकामे होऊन कित्येक वर्षे लोटली होती. तिने पैशांचा आग्रह धरला नव्हता. जुन्या खरेदीखतांच्या गोहीत जिचे नाव कधी आले नसते, तिला ते दस्तात हवे होते.

तिने मुखत्यारपत्र दिले आणि दस्ताच्या आधी दोन महिने ती गेली. पत्र देणारा मरण पावला की पत्रही संपते. तिच्या चार मुलांची नावे लावून, त्यांची पत्रे मिळवून पुन्हा सुरुवात करण्यात वर्ष गेले. घेणारा थांबला. त्याचे आजोबा बाहेरगावाहून मजुरीला येऊन शिनोलीत राहिले होते. तीन पिढ्या हे कुटुंब इतरांच्या पडवीत आणि भाड्याच्या खोल्यांत राहत आले. जुन्या भाषेत तो उपरी आणि आम्ही मिरासदार. गोतासमोर हा व्यवहार व्हायचा असता तर भाऊबंदांनी काय म्हटले असते, याची कल्पना करता येते. निबंधकासमोर कोणी काही म्हटले नाही. कागदाच्या राज्यात गावाचे स्मरण तोकडे पडते हे खरे. त्या तोकडेपणामुळेच त्याला हे घर मिळू शकले.

कचेरीत संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर मी बसलो, अंगठा टेकवला. लिहून देणार म्हणून नावे बरीच, छायाचित्र एकाचेच. 'राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने' हे शब्द मी त्या सर्वांच्या वतीने ऐकले आणि हो म्हटले. आत्याचे नाव दस्तात आले, नावामागे 'कै.' लागलेले, खाली तिच्या मुलांची नावे.

दस्तातला एक परिच्छेद मात्र जुन्या कागदांतून जवळपास तसाच आलेला आहे, तो म्हणजे चतुःसीमा. मिळकतीच्या पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाचे, दक्षिणेस आणि उत्तरेस काय, हे आजही तसेच लिहितात. तेवढ्यापुरते घर अजून शेजाऱ्यांच्या साक्षीने ओळखले जाते. लेखनिकाने ती वाचून दाखवली आणि विचारले, बरोबर आहे ना? पूर्वेचे घर ठाण्याला गेलेल्यांचे, पश्चिमेचे वाशीला गेलेल्यांचे. दक्षिणेच्या घराचे मालक कोण, यावर भावकीत वाद चालू आहे. तिन्ही दारांना कुलुपे. उत्तरेला रस्ता. मी बरोबर आहे असे सांगितले.

यापुढे त्या तीन घरांपैकी एखादे विकले जाईल तेव्हा त्याच्या चतुःसीमेत नव्या मालकाचे नाव येईल. चौघा शेजाऱ्यांत तो एकटा तिथे राहत असेल.